वेलाचे पहारेकरी आणि त्यांची मजुरी

पावसाळा सुरू झाला की आपल्या भागात दारोदारी वेल चढू लागतात. पालघरच्या वाड्यांत, बोईसरच्या चाळींच्या मागे, तारापूर-चिंचणीकडच्या परसदारी, इतकेच काय, वसाहतीतल्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतही दुधी, घोसाळी, दोडका, चवळी दोरीला धरून वर जातात. आणि जुलै-ऑगस्ट आला की घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, "अहो, वेलाला मुंग्या लागल्यात, येताना औषध आणा."

मग औषध येते. कुणी पावडर भुरभुरतो, कुणी खडूची रेघ ओढतो, कुणी घरातला झुरळांचा स्प्रेच वेलावर मारतो. मुंग्या मरतात आणि वेल वाचला असे सगळ्यांना वाटते. पुढे दहा-पंधरा दिवसांत पाने जाळीसारखी दिसू लागली, तर आणखी कडक औषध आणले जाते. त्याच वेलाचा दुधी त्याच आठवड्यात चिरला जातो आणि मुलांच्या ताटात येतो.

या महिन्यात आपण त्या एका वाक्याचाच विचार करू. वेलाला मुंग्या "लागतात" म्हणजे नेमके काय होते? त्या पाने खातात का? दुधीला भोक पाडतात का? नीट पाहिले तर दिसते की बहुतेक वेळा मुंगी पान कुरतडत नसते. ती एका ठरावीक जागी तोंड लावून काहीतरी पीत असते. ती जागा वेलाने स्वतः तयार केलेली असते, आणि तिथला गोड रसही वेलाचाच असतो. थोडक्यात, मुंग्या वेलाला "लागलेल्या" नसतात. वेलाने त्यांना कामाला ठेवलेले असते.

फुलाबाहेरचा गोडवा

फुलात मकरंद कशासाठी असतो हे चौथीतली मुलेही सांगतात. मधमाशी, फुलपाखरू गोड रसासाठी येते, अंगाला पराग लागतो, तो दुसऱ्या फुलाला पोहोचतो आणि फळ धरते. पण कित्येक वनस्पती फुलाच्या बाहेरही असाच रस तयार करतात. पानाच्या देठावर, पानाच्या मागे, कोवळ्या शेंड्याजवळ किंवा कळीच्या बुडाशी बारीक ग्रंथी असतात. त्यांतून साखरेच्या पाण्यासारखा थेंब पाझरतो. त्यात ऊस, द्राक्षे आणि फळांत असतात त्याच साखरा असतात, शिवाय थोडी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात ते घटक. या ग्रंथींना फुलाबाहेरच्या मधुग्रंथी म्हणतात. अशा ग्रंथी असलेल्या वनस्पतींची जी मोठी यादी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळपास 4000 जाती आणि शंभराहून अधिक कुळे आहेत.

यातल्या अनेक वनस्पती आपल्या अगदी ओळखीच्या आहेत. दुधीचे पान उलटून पाहा. देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक फुगवटे दिसतील, त्याच मधुग्रंथी. बोईसर स्टेशनच्या आसपास किंवा एमआयडीसीच्या रस्त्याकडेच्या रिकाम्या प्लॉटवर एरंड उगवलेला असतो. त्याच्या लांब देठावर गोल बटणासारख्या ग्रंथी असतात, त्या तर भिंगाशिवायही दिसतात. चवळीच्या फुलांची लांब दांडी पाहा. तिच्यावर फुले जोडीने येतात आणि त्या जोडीच्या मधोमध ग्रंथी असते. फुले गळून शेंग धरली तरी मुंग्या तिथेच घुटमळत असतात. घोसाळ्याला कळ्यांजवळच्या बारीक पानांवर आणि कळीच्या बाहेरच्या हिरव्या दलांवर ग्रंथी असतात.

पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो त्या टाकळ्याच्या पानात, खालच्या पानजोड्यांच्या मध्ये, बारीक काडीसारखी ग्रंथी उभी असते. भाजी निवडताना दिसेल. शेवग्याच्या पानांच्या सांध्यांवर, कृष्णकमळाच्या देठावर, बाभूळ आणि शिरीषाच्या पानाच्या दांडीवर अशाच ग्रंथी आहेत. शाळेच्या मैदानात सावलीसाठी लावलेल्या बदामाच्या पानाच्या बुडाशी त्या आहेत. त्याच बदामाचा जंगलातला भाऊ म्हणजे ऐन. मनोर-जव्हारच्या बाजूला ऐनाचे पान हाती आले तर मागच्या बाजूला, मधल्या शिरेच्या सुरुवातीला, उठून दिसणारी ग्रंथी पाहा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी सांगायचे तर, कपाशीच्या पानामागे मधल्या शिरेवरही ती असते.

कचरा की मजुरी?

हा रस वनस्पती का तयार करतात, यावर दीडशे वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता. चार्ल्स डार्विनला या ग्रंथी ठाऊक होत्या. वनस्पती आपल्या रसातले नको असलेले द्रव्य अशा रीतीने बाहेर टाकत असावी, असे त्याचे मत होते. म्हणजे त्याच्या लेखी हा रस एक प्रकारचा कचरा होता, आणि मुंग्या तो आयता मिळतो म्हणून येत होत्या.

इटलीचा वनस्पतिशास्त्रज्ञ फेदेरिको देल्पिनो याला हे पटले नाही. साखर तयार करायला झाडाला मेहनत पडते, ती कुणी विनाकारण फेकून देत नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने शेकडो वनस्पती तपासल्या आणि हा रस मुंग्यांना बोलावण्यासाठीच असतो असे मांडले. 1886 पासून त्याचा याविषयीचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला.

याच बाजूने बोलणारा दुसरा माणूस विद्यापीठातला नव्हता. थॉमस बेल्ट हा इंग्रज खाणीवरचा इंजिनिअर. मध्य अमेरिकेत निकाराग्वा देशात सोन्याच्या खाणीवर नोकरीला होता. कामावर जाता-येता त्याने तिथल्या बाभळीच्या जातीचे एक झाड पाहिले. त्या झाडाचे जाड काटे पोकळ असतात, त्यांत मुंग्या राहतात. पानाच्या दांडीवरच्या ग्रंथींतून त्यांना गोड रस मिळतो, आणि कुणी पानाला हात लावला की त्या तुटून पडतात. 1874 मध्ये त्याने आपल्या पुस्तकात लिहिले की या मुंग्या म्हणजे झाडाने पोसलेले सैन्य आहे. आपल्या बाभळीच्या काट्यांत मुंग्यांचे घर नसते, पण गोड रसाची ग्रंथी तिलाही आहे.

वाद मिटायला प्रयोग लागले. 1966 मध्ये डॅनियल जॅन्झन या अमेरिकन संशोधकाने मध्य अमेरिकेतल्या त्याच प्रकारच्या झाडांवरच्या मुंग्या काढून टाकून काय होते ते प्रसिद्ध केले. मुंग्या असलेली झाडे जोमाने वाढली. मुंग्या नसलेल्या झाडांची पाने किड्यांनी फस्त केली, त्यांची वाढ खुंटली, बरीच मेली. त्यानंतर जगभर अनेक जातींच्या झाडांवर असेच प्रयोग झाले. 2009 मध्ये काही संशोधकांनी त्या सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडला. मुंग्या काढून टाकल्यावर किड्यांनी पाने खाण्याचे प्रमाण सरासरीने जवळपास दुप्पट होते, असे त्यात निघाले.

हे सगळे वर्गात सांगत असताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, म्हणजे वेल वॉचमन ठेवतो!" बोईसरच्या मुलीला हे सुचावे यात नवल नाही. इथे निम्म्या घरांत कुणी ना कुणी कंपनीच्या गेटवर किंवा शिफ्टमध्ये ड्युटी करतो. तिची उपमा अगदी बरोबर होती. फरक इतकाच की या वॉचमनचा पगार रोजच्या रोज, थेंबाथेंबाने होतो आणि ड्युटीवर असेल त्यालाच मिळतो.

मुंगीला अळी कशाला हवी?

इथे प्रश्न पडतो की मुंगीला गोड रस मिळाला, पोट भरले, मग ती अळीच्या मागे कशाला लागेल? याचे उत्तर मुंगीच्या घरात आहे. मोठी कामकरी मुंगी घट्ट पदार्थ गिळू शकत नाही. तिची कंबर आणि अन्ननलिका फार बारीक असते. तिला चालायला-पळायला लागणारी शक्ती साखरेच्या रसातून मिळते. पण वारुळात तिची पिल्ले असतात, त्यांना वाढीसाठी प्रथिने लागतात. म्हणजे स्वतःसाठी रस आणि घरच्यांसाठी शिकार. रस प्यायला वेलावर आलेली मुंगी इकडे-तिकडे फिरते, आणि वाटेत किड्याची अंडी किंवा कोवळी अळी दिसली की उचलून घरी नेते. मोठा किडा उचलता आला नाही तरी ती त्याला चावते, त्रास देते. त्याला निवांत बसून खाता येत नाही, अंडी घालता येत नाहीत.

शिवाय मुंगी एकटी येत नाही. पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत रस भरून ती घरी जाते आणि तोंडाला तोंड लावून इतरांना देते. जाताना वासाची वाट आखून ठेवते. काही वेळात त्या वाटेवर रांग लागते. वेलाच्या दृष्टीने पाहिले तर एका थेंबात पूर्ण तुकडी आली.

झाडाला हा सौदा परवडतो. ऊन, पाणी आणि हवेतून साखर बनवणे हा झाडाचा रोजचाच उद्योग आहे. त्यातले चार थेंब देऊन कोवळी पाने आणि कळ्या वाचत असतील तर व्यवहार फायद्याचा आहे. म्हणूनच या ग्रंथी पुष्कळदा कोवळ्या पानांवर आणि कळ्यांजवळ जास्त पाझरतात. पान जुने, जाड झाले की ग्रंथी सुकते. किड्यांना जे जास्त आवडते तिथेच पहारा जास्त ठेवला जातो.

याहून आश्चर्य पुढे आहे. मार्टिन हाइल या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मॅकारँगा नावाच्या झाडावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या गणातली एक जात आपल्या सह्याद्रीतही वाढते. त्यांना दिसले की पान कुरतडले गेले की झाड रस वाढवते. पानाला इजा झाली की झाडात जास्मोनिक आम्ल नावाचे द्रव्य तयार होते, आणि त्याच्या इशाऱ्यावर ग्रंथी जास्त पाझरू लागतात. या द्रव्याचा एक सुवासिक नातेवाईक चमेलीच्या तेलात सापडतो, त्यावरूनच हे नाव पडले. म्हणजे अत्तराच्या बाटलीत जो वास आपण जपून ठेवतो, त्याच घराण्याचे द्रव्य झाडात धोक्याची घंटा वाजवते. चोर आला की मालक पहारेकऱ्यांची मजुरी वाढवतो.

आपल्या घोसाळ्याची गोष्ट

हे सगळे परदेशातल्या जंगलांचे झाले. आपल्या भाजीच्या वेलावर कुणी पाहिले आहे का? पाहिले आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात अग्रवाल आणि रस्तोगी या संशोधकांनी घोसाळ्याच्या वेलावर येणाऱ्या मुंग्यांचा अभ्यास केला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केला. काकडी-भोपळ्याच्या सगळ्या वेलांचा एक जुना शत्रू आहे, तांबडा भुंगेरा. नारिंगी-लाल रंगाचा, साधारण गव्हाच्या दाण्याएवढा. वेल चार पानांचा असतानाच तो पानांना भोके पाडतो. त्याची अळी जमिनीत राहून मुळे खाते. घोसाळ्याच्या ग्रंथींवर येणाऱ्या मुंग्यांमुळे या भुंगेऱ्याला अटकाव होतो असे या अभ्यासात दिसले. ज्यांना आपण औषध मारतो, त्याच या मुंग्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मुंग्या वेलावर सगळीकडे फिरतात, पण फुलात फारशा शिरत नाहीत. कारण घोसाळ्याच्या फुलातच मुंग्यांना दूर ठेवणारे द्रव्य असते. हे का, ते सोपे आहे. मुंगी फुलात शिरली तर मकरंद पिऊन जाईल आणि परागही नीट पोहोचवणार नाही. तिच्या अंगावरच्या जंतुनाशक द्रवाने पराग निकामी होऊ शकतात, आणि ती मधमाशीला हुसकावेल ते वेगळेच. पहारेकऱ्याने गेटवर बसावे, घरात शिरू नये, अशी ही व्यवस्था. फुलाबाहेर रस ठेवायचे एक कारण तेच. मधमाशीचे दुकान वेगळे आणि मुंगीचे वेगळे.

मुंग्यांच्या या कामाचा उपयोग माणसाने फार पूर्वी ओळखला. चीनच्या दक्षिण भागात संत्र्या-मोसंब्याच्या बागांत तांबड्या मुंग्यांची घरटी बाजारातून विकत आणून झाडांवर टांगत. याचा उल्लेख इसवी सन 304 च्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात आहे. पाने जोडून, आपल्या पिल्लांच्या रेशमाने शिवून घर बांधणाऱ्या या विणकर मुंग्या आपल्या आंब्या-काजूच्या वाड्यांतही असतात. झाडावर चढणाऱ्याला त्या चावतात, म्हणून वाडीवाल्यांना नकोशा वाटतात. पण काजूचे पाहा. काजूची पाने, मोहोर, अगदी वाढती बी, सगळीकडे मधुग्रंथी आहेत. काजूच्या मोहोरातला रस शोषून तो जाळणारा ढेकण्या हा किडा कोकणातल्या बागायतदाराला चांगलाच ठाऊक आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकापासून रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चियन यांनी काजूच्या बागांत याच विणकर मुंग्या जपून ढेकण्याच्या जातीच्या किड्यांना आवरता येते हे दाखवले. आपल्या जिल्ह्यात जव्हारकडच्या वाड्यांत आंब्याबरोबर काजूही लावलेला असतो. तिथल्या शेतकऱ्यांनी या मुंग्यांकडे वेगळ्या नजरेने पाहायला हरकत नाही.

मुंगी नेहमीच मित्र असते का?

नाही. आणि ही बाजू सांगितल्याशिवाय लेख अपुरा राहील, कारण नुकसानही इथेच होते.

मुंगीला गोड रस हवा असतो, तो कोण देतो याच्याशी तिला देणेघेणे नाही. चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा बसतो, पेरू-जास्वंदीवर पिठासारखा पांढरा ढेकूण बसतो. हे किडे झाडाचा रस शोषतात आणि मागून चिकट गोड थेंब सोडतात. मुंग्या तो पितात, आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. मावा खाणारा लाल ठिपक्याठिपक्यांचा भुंगा आला की त्याला हाकलून लावतात. इथे तोच पहारेकरी चोराच्या दाराशी उभा असतो. झाडाने स्वतःची मधुग्रंथी ठेवण्यामागे मुंग्यांना माव्यापासून आपल्याकडे वळवणे हेही एक कारण असावे, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

दुसरे म्हणजे, उघड्यावर ठेवलेला गोडवा फक्त मुंग्याच पीत नाहीत. कपाशीवर त्याच रसासाठी बोंडअळीचे पतंगही येतात. म्हणून अमेरिकेतल्या कापूस संशोधकांनी हवाई बेटांवरच्या रानकपाशीचा गुण घेऊन मधुग्रंथी नसलेली कपाशी तयार केली. काही किडी तिच्यावर कमी आल्या, पण तिच्यावर मित्रकीटकांचाही खाऊ उरला नाही. तिसरे, सगळ्या मुंग्या सारख्या नसतात. काही जाती तडफेने पहारा करतात, तर काही रस पितात आणि निघून जातात. त्यामुळे मुंग्या आहेत म्हणजे कीड लागणारच नाही, अशी हमी कुणी देऊ नये.

मग घरातल्या माणसाने काय करावे? औषधाला हात घालण्याआधी दोन मिनिटे पाहावे. मुंगी कुठे तोंड लावते आहे ते पाहावे, बाकी सगळे त्यावर ठरते.

मुंगी देठावरच्या किंवा कळीजवळच्या ग्रंथीवर असेल आणि आसपास मावा, पांढरा ढेकूण नसेल, तर तिला राहू द्या. ती कामावर आहे. मुंग्यांची गर्दी कोवळ्या शेंड्यावर असेल, पाने वळलेली, चिकट झाली असतील, तर पान उलटून पाहा. तिथे मावा सापडेल. मग इलाज माव्यावर करायचा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन निघतो. फार भरलेला शेंडा खुडून टाकावा. नाहीच आटोपले तर 5 टक्के निंबोळी अर्क पानाच्या मागच्या बाजूने फवारावा, तोही फुले मिटलेली असताना. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि घोसाळ्याची पिवळी सकाळी, हे लक्षात ठेवून वेळ निवडावी. मावा गेला की मुंग्यांचा घोळका आपोआप पांगतो. आणि मुंग्या याव्यात म्हणून बुंध्याशी साखर-गूळही टाकू नका. खालीच फुकट मिळाले तर वर ड्युटीला कोण जाईल?

घरातला स्प्रे किंवा झुरळांची पावडर मात्र भाजीच्या वेलावर कधीही नको. ती लादीसाठी आणि फटींसाठी बनवलेली असते, ताटात येणाऱ्या वस्तूसाठी नाही. आपल्या आई-आजींच्या काळात बीएचसी पावडर घराघरांत असे. धान्यातही टाकत, वेलावरही टाकत. शरीरात आणि मातीत ती वर्षानुवर्षे टिकून राहते हे कळल्यावर 1997 मध्ये देशात तिच्यावर बंदी आली. पाकिटावरचे नाव बदलले तरी सवय तीच राहिली तर बंदीचा उपयोग काय? ज्या घरात लहान मूल रांगते, जिथे गरोदर सून आहे, तिथे तर हा विचार आधी व्हायला हवा. कित्येकदा मुंग्या घरात शिरतात म्हणून वेलावर औषध मारले जाते. त्यापेक्षा भिंतीला आणि खिडकीला टेकलेल्या फांद्या कापा, वेलाला स्वतंत्र दोरी द्या. त्यांची वाट तिथेच तुटते.

कुरआन शरीफमधल्या सत्ताविसाव्या सूरहचे नाव "नमल", म्हणजे मुंगी, हे आपल्या घरातल्या मुलांना पाठ असते. हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांचे लष्कर येताना पाहून एक मुंगी इतरांना आपापल्या घरात शिरायला सांगते, आणि तिचे बोलणे ऐकून ते हसतात, शुक्र अदा करतात, हा किस्सा दादी-नानीच्या तोंडून आपण ऐकलेला आहे. मुंगी आणि मधमाशी यांना मारण्यास हदीसमध्ये मनाई आल्याचेही आपण ऐकतो. मसला कसा लावायचा ते उलेमा सांगतील. शिक्षिका म्हणून मी इतकेच म्हणेन की जिचे बोलणे ऐकायला एक पैगंबर थांबले, तिचे काम पाहायला आपण दोन मिनिटे थांबणे काही फार नाही.

मुलांसाठी एक प्रयोग

सुट्टीच्या दिवशी मुलांना मोबाइलपासून उठवायचे असेल तर हे करून पाहा. सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्या. एकाच पुडीतली चवळी दोन्हींत पेरा. दोन्ही कुंड्या एकाच उन्हात, पण एकमेकींपासून हातभर दूर ठेवा. रोपे वीतभर झाली की एका रोपाच्या बुंध्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि त्या पट्टीवर सायकलचे ग्रीस लावा. ग्रीस थेट कोवळ्या खोडाला लावू नका, खोड जळते. आधाराची काठी असेल तर तिलाही अशीच पट्टी हवी. त्या रोपाचे पान भिंतीला, गजाला किंवा दुसऱ्या कुंडीला टेकणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर मुंग्या तो पूल शोधून काढतातच. कुंडी पाण्याच्या बशीत ठेवूनही मुंग्या अडवता येतात, पण साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून ग्रीसच बरे.

दर रविवारी दोन्ही रोपांची एकूण पाने आणि भोके पडलेली पाने मोजून वहीत लिहा. मुंग्या किती वाजता जास्त दिसतात, काळा मुंगळा येतो की बारीक तांबडी मुंगी, त्या ग्रंथीवर असतात की शेंड्यावर, हेही टिपा. फुले येईपर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे, नोंद ठेवा. दोन रोपांवरून पक्का निष्कर्ष निघत नाही, हेही मुलांना सांगा. वर्गातल्या दहा मुलांनी आपापल्या घरी केले तर वीस रोपे होतील, आणि मग आकडे काही बोलू लागतील. आकडे आपल्या अपेक्षेविरुद्ध आले तरी ते तसेच लिहावेत. शास्त्राची पहिली सवय तीच, आणि इमानदारीचीही.

जमिनीचा तुकडा नसेल तरी हरकत नाही. बदामाचे झाड शाळेत आहे, एरंड रस्त्याकडेला आहे. फक्त एरंडाच्या बिया विषारी असतात, त्या मुलांच्या हाती आणि तोंडी जाऊ देऊ नका. पाने मात्र खुशाल उलटून पाहा. एवढे पाहून झाले की पुढच्या वेळी घरात "वेलाला मुंग्या लागल्यात" असे कुणी म्हणेल, तेव्हा मुलेच विचारतील, "कुठे बसल्यात? देठावर की शेंड्यावर?" बाजारात औषध आणायला जाण्याआधी त्यांना उत्तर द्या.